पहाटेची वाचिका

९ जानेवारी, पहाटे पाच वाजून दहा मिनिटे

प्रिय वाचिके,

अत्यंत गंभीर स्वरूपाची तक्रार नोंदवण्यासाठी प्रस्तुत पत्र लिहिण्यात येत आहे. घर सोडताना तू आपले कपडे, निळी बॅग आणि माझ्याविषयीचं मत एवढंच घेऊन जाशील, अशी माझी समजूत होती. चहाचं गाळणं त्या यादीत नव्हतं. ते एकवीस वर्षं स्वयंपाकघरातल्या खिळ्याला लटकून होतं. आज तो खिळा विधुर झाला आहे.

पाच महिने गप्प बसून आत्ताच का बोलतो, असं विचारशील. इतके दिवस घरी चहा करायची वेळच आली नाही. प्रेसवर जाऊन प्यायचो. पण आता माझा प्रातःकार्यक्रम सुरू झाला आहे. त्यातलं दुसरं कलम चहा. आज सातवा दिवस आहे आणि सात दिवस मी चहाची पत्ती चावून खातो आहे.

या सगळ्याचे कर्ते आमचे मालक. गेल्या महिन्यात ते दोन दिवसांच्या कुठल्याशा शिबिराला गेले आणि साक्षात्कार होऊन परत आले. यशस्वी माणूस पाचला उठतो म्हणे. कामावर येण्याआधीच त्याचं दिवसातलं सगळ्यात अवघड काम उरकलेलं असतं. प्रत्येकाच्या हाती एकेक छापील तक्ता दिला. सात दिवस, सात रकाने. मशीनमास्तरांनी सातही रकान्यांत 'दात घासले' असं लिहून तक्ता परत केला. मालकांनी त्यांना शाबासकी दिली. सातत्याबद्दल.

मी मात्र मनावर घेतलं आहे. पाचला प्रातरुत्थान, मग चहा (अगाळीव), मग पंधरा मिनिटं हातपाय हलवणं, मग दीड तास छपाईआधीची मुद्रितं तपासणं. साडेआठला प्रेसवर. माझं अवघड काम तुला माहीत आहेच. औषधाच्या खोक्यात घडी घालून कोंबलेला, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरातला तो कागद, जो उघडून जगात कुणी वाचत नाही, तो वाचणारा एकटा माणूस म्हणजे तुझा नवरा, असं तू पाहुण्यांना सांगायचीस. त्यात कौतुक किती आणि कीव किती, हे मला कधी कळलं नाही.

फोन करू नका, तुम्ही कोट्या करून वेळ मारून नेता, काही सांगायचं असेल तर लिहून पाठवा, असं तूच बजावून गेलीस. त्याप्रमाणे लिहितो आहे. सांगायचं काहीच नाही. मी ठणठणीत आहे.

अक्षर मोठं दिसेल. नेहमीचं पेन सापडत नाही म्हणून खोक्यांवर पत्ते लिहायचं जाड पेन घेतलं. पानावर सातच ओळी मावतात. पाकीट जाड झालं आहे ते त्यामुळे, मजकुराच्या भाराने नव्हे.

गाळणं टपालाने पाठवलंस तरी चालेल.

तुझा,
पत्ती चावणारा


१७ जानेवारी, पहाटे चार वाजून चाळीस मिनिटे

प्रिय वाचिके,

उत्तर नाही. गाळणंही नाही. माझी बाजू इतकी बळकट आहे की आरोपी निरुत्तर झाला, असा निष्कर्ष मी काढला आहे.

प्रातःकार्यक्रमात थोडी सुधारणा केली. पाचला उठून दीड तास पुरत नाही, म्हणून आता साडेचारला उठतो. टेबल आतल्या खोलीतून पूर्वेच्या खिडकीशी ओढत आणलं. ओढताना पायरी लक्षात आली नाही, गुडघ्याला जरा लागलं, त्यामुळे हातपाय हलवण्याच्या कलमातून पाय वगळले आहेत. दिवा दुप्पट उजेडाचा आणला. एक भिंगही आणलं, बशीएवढं. ते घेऊन बसलो की मी एखाद्या गुप्त पोलिसासारखा दिसत असेन. दाढीचं कलम मात्र नीट जमत नाही. उजव्या गालावर रोज एक बेट राहतं. मशीनमास्तर म्हणाले, "अहो, एका बाजूनेच वय वाढवायचं ठरवलंय का?"

हेच मशीनमास्तर परवा तुझ्या गावाला जाऊन आले, साडूंकडे. बस बदलायला तुमच्या स्थानकावर उतरले आणि वर कर्ण्यातून तुझा आवाज आला म्हणे. "वहिनींचा! फलाट क्रमांक चार म्हणाल्या, पण काय म्हणाल्या! एक अक्षर गिळलं नाही. माझ्या शेजारचा माणूस झोपेतून उठून चारवर गेला, त्याची गाडी नव्हती तरी." ही गोष्ट त्यांनी सगळ्या प्रेसला सांगितली. मीही हसलो. मग जरा बाहेर जाऊन उभा राहिलो.

तुला ती घोषणांची नोकरी लागल्याचं पत्र आलं तेव्हाही मी हसलो होतो. "आता तू कोणाला काय वाचून दाखवणार, गाड्यांचे आकडे?" असं म्हणालो होतो. ते वाक्य मी अनेकदा तपासून पाहिलं. त्यात दुरुस्तीला जागाच नाही, सबंध वाक्य काढून टाकावं लागेल.

तुला तो सुतार आठवतो का? तीन वर्षांपूर्वी स्वयंपाकघराच्या दाराची चौकट मधोमध वाकली म्हणून मी बोलावलेला? त्याने ओळंबा लावला, पाणसळ लावली, आणि म्हणाला, "साहेब, चौकट सुतासारखी सरळ आहे. तुम्हीच जरा सरळ उभे राहून बघा." तू तोंडाला पदर लावून हसत होतीस. आज उगाच आठवला.

एक विचारायचं होतं. पहाटे तू वाचायचीस आणि मी पेन्सिलीने टेबलावर टक करायचो, तेव्हा किती वेळा चूक तुझी असायची आणि किती वेळा छापलेल्या कागदातली? तुझ्या अंदाजाने सांग. सहज विचारतो आहे. कामाच्या पद्धतीचा अभ्यास म्हणून.

आता एक पत्रक चार वेळा वाचतो. चारही वेळा बिनचूक निघतं. इतकं बिनचूक काम मी आयुष्यात केलं नव्हतं.

तुझा,
गुप्त पोलीस


२८ जानेवारी, पहाटे चार

प्रिय वाचिके,

तुझं कार्ड मिळालं. तीन वाक्यं. "गाळणं मी आणलेलं नाही. नीट बघा. अक्षर एवढं मोठं का काढता?" तिन्ही वाक्यांत एकही शब्द जास्तीचा नाही. मी तुला शिकवलं असं म्हणण्याचा मोह आवरतो.

गाळण्याच्या खटल्याचा निकाल लागला आहे. तुझी निर्दोष मुक्तता. वरच्या मजल्यावरच्या सिस्टर, म्हणजे त्या निवृत्त परिचारिका, ज्यांच्याशी तू जिन्यात तासभर बोलायचीस, त्या परवा सकाळी खाली आल्या. माझं दूध उतू जाऊन करपल्याचा वास वरपर्यंत गेला होता. दूध उतू गेलं तेव्हा मी त्याच्यासमोर उभा होतो, हे मी त्यांना सांगितलं नाही. चहा करते म्हणाल्या आणि हात लांब करून गाळणं काढलं. भिंतीवरून. जुन्या खिळ्याच्या वितभर उजवीकडे, खिडकीच्या बाजूला, तू नवा खिळा ठोकला होतास.

"हे काय, भाऊ, तुमच्या नाकासमोर तर आहे."

"नाकासमोरच्या वस्तू मी तत्त्वतः पाहत नाही," मी म्हणालो.

त्या हसल्या नाहीत. चहा दिला आणि समोर बसून हात वर केला. "किती बोटं?"

"आपल्या वयाच्या स्त्रीला हातावर पाच बोटं असणं योग्य आहे."

"भाऊ, मी मूठ धरली आहे."

तर अशी ती खेळीमेळीची सकाळ झाली. डोळ्यांत किरकोळ बिघाड आहे. वयोमानाप्रमाणे. मोठं अक्षर त्याचमुळे. पेन हरवलेलं नाही, टेबलावरच होतं, सिस्टरांनाच सापडलं. तू काळजी करण्याचं कारण नाही.

प्रातःकार्यक्रमात आता चारला उठतो. चहा रद्द, व्यायाम रद्द, दाढी दिवसाआड. भिंतीवर जाड पेनाने तक्ता लिहून लावला आहे आणि त्यात आता एकच शब्द उरला आहे: मुद्रितं. मालक खूश आहेत. परवा सगळ्यांसमोर माझा तक्ता उंच धरला आणि म्हणाले, "बघा. चारला उठतात. या वयात. काम किती चोख, एक दुरुस्ती परत आली नाही पाच महिन्यांत." मशीनमास्तर माझ्या कानात म्हणाले, "आता मला तीनला दात घासावे लागणार."

मला हसू आलं नाही. तसं आजकाल वरचेवर होतं.

तुला खरी गंमत सांगतो. पाठशाळेत आम्हाला अर्थ कळण्याआधी पाठ करायला लावत. पान पान, सर्ग सर्ग. गुरुजी पुस्तक मिटून छडी हातात घेऊन बसत आणि आम्ही डोळे मिटून म्हणायचो. ती सवय मला इतकी लागली की औषधाच्या कंपनीकडून आलेली मूळ प्रत मी दोनदा वाचली की ती मला पाठच होते. मूळ प्रत मोठ्या टाइपात असते, खिडकीशी नेली की दिसते. अडचण बारीक टाइपातल्या मुद्रिताची. तो कागद मी भिंगाखाली धरतो. आणि मग मला तो स्पष्ट वाचता येतो. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. अडखळत नाही.

अलीकडे मला वाटू लागलं आहे की इतकं स्पष्ट वाचता येऊ नये.

उत्तर दे. टकचा प्रश्न राहिला आहे.


६ फेब्रुवारी, सकाळ

वाचिके,

आज कार्यक्रम नाही. तक्ता भिंतीवर आहे, मी खाली जमिनीवर बसून लिहितो आहे. जे घडलं ते जसंच्या तसं लिहितो, कारण मला ते दुसऱ्या कुणाला सांगता आलेलं नाही.

काल सकाळी सहा वाजता सिस्टर खाली आल्या. हातात एक औषधाचं खोकं. गुडघ्यांसाठी डॉक्टरांनी नवीन गोळी दिली होती, अजून सुरू केली नव्हती.

"भाऊ, एवढं वाचून द्या हो. माझा चष्मा दुरुस्तीला गेलाय."

कागदाची घडी बोटांना लागताच मी ओळखलं. आमच्याच प्रेसची घडी, अकरा मोडींची. ऑक्टोबरात मी ते पत्रक पास करून सही केली होती. खिडकीशी उभा राहिलो आणि वाचून दाखवलं. "मात्रा. प्रौढांसाठी आठवड्यातून एकदा, ठरलेल्या एकाच वारी, एक गोळी." पुढच्या सगळ्या सूचना, सगळे धोके, साठवण कुठे करावी, सगळं. तू ऐकलं असतंस तर तुलाही टक करायला जागा मिळाली नसती.

सिस्टरांनी कागद माझ्या हातातून घेतला आणि खिशातून चष्मा काढला.

"चष्मा दुरुस्तीला होता ना?"

"आला परत," त्या म्हणाल्या. "भाऊ, मात्रा मागच्या बाजूला छापली आहे. तुम्ही ही बाजू धरून वाचलीत. इकडे फक्त कंपनीचा पत्ता आहे."

मी काहीतरी विनोद करणार होतो. तोंडात शब्द तयार होता. त्यांनी कागद उलटला आणि मोठ्याने वाचलं, "मात्रा. प्रौढांसाठी दिवसातून एकदा, एक गोळी."

माझं बोट आपोआप टेबलावर आपटलं. टक.

"उच्चार," मी म्हणालो. "पुन्हा."

"दिवसातून एकदा," सिस्टर म्हणाल्या. एकेक अक्षर सुटं करून.

"आठवड्यातून आहे ते."

"असायला हवं. मलाही माहीत आहे ही गोळी. म्हणून तर खाली आले. पण इथे दिवसातून छापलंय." मग त्या चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिल्या. "ही रोज घेतली तर काय होतं, ठाऊक आहे?"

मला ठाऊक होतं. पत्रकाच्या नवव्या परिच्छेदात लिहिलं आहे, मला पाठ आहे. तोंडात जखमा. ताप. रक्त तयार होणं थांबतं. मी तो परिच्छेद म्हणूनही दाखवला, मूर्खासारखा. अर्थ न कळता पाठ म्हणण्याची जुनी सवय.

"वॉर्डात एक बाई आली होती अशी," सिस्टर म्हणाल्या. "चुकून नऊ दिवस रोज घेतली होती."

"मग?"

त्यांनी कागदाची घडी परत घातली. अकराही मोडी बरोबर पडल्या.

माझी सही आहे त्या कागदावर. जुळणी करणाऱ्याने दुसऱ्या कुठल्या पत्रकातून ती ओळ उचलली असेल, असं होतं नेहमी. ते पकडण्यासाठीच तर मला ठेवलं आहे. आणि मी ती ओळ भिंगाखाली धरून चार वेळा वाचली असणार. चारही वेळा मला 'आठवड्यातून' दिसलं. तिथे नसताना.

आता आठ वाजले आहेत. मी प्रेसवर जाऊन मालकांना सांगणार आहे. जातो.


८ फेब्रुवारी, पहाटे

अगं,

सांगितलं. म्हणजे, अर्धं सांगितलं.

मालकांच्या खोलीत गेलो, कागद समोर ठेवला आणि म्हणालो, नजरचूक झाली. ते पांढरेफटक पडले. लगेच कंपनीला फोन केला, कंपनीने दुकानांना फोन केले, खोकी परत मागवायला सुरुवात झाली. ऑक्टोबरपासून किती उघडली गेली हे कुणालाच सांगता येत नाही. आतापर्यंत तक्रार एकही नाही, एवढंच कळलं. मग मालक टेबलाला वळसा घालून माझ्याजवळ आले. मला वाटलं, हाकलतील. मी त्याचीच वाट बघत होतो. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"एकतीस वर्षांत एक चूक," ते म्हणाले. "आणि ती तुम्हीच शोधलीत. घरी, स्वतःच्या वेळात, पहाटे. दुसरा कोणी असता तर गप्प बसला असता. मनाला लावून घेऊ नका."

तेव्हा मी बोलायला हवं होतं. मी मान हलवली. मान हलवून बाहेर आलो आणि माझ्या टेबलावर नवं मुद्रित येऊन पडलं होतं. लहान मुलांच्या झटक्यांवरचं औषध. त्यावर मी सही केलेली नाही. ते ड्रॉवरमध्ये घालून किल्ली खिशात टाकली आहे. परवापासून खिशात आहे. मशीनमास्तर दोनदा विचारून गेले.

आता तुला जे तीन वर्षांपूर्वीच सांगायचं होतं ते लिहितो. चौकट सरळ होती. सुतार गेल्यावर दुसऱ्या दिवशी मी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो होतो. तुला म्हणालो, प्रेसवर मशीन बिघडलं म्हणून उशीर झाला. डोळ्याच्या आतल्या पडद्याचा मधला भाग झिजतो आहे. बाजूचं दिसत राहील, मधलं जात जाईल. ज्याच्याकडे थेट बघावं तेच दिसेनासं होतं. तुझ्याकडे बघायचो तेव्हा मला तुझे कान दिसायचे, केस दिसायचे, खांदा दिसायचा. तुझा चेहरा मी गेल्या वर्षापासून आठवणीने भरतो.

त्याच आठवड्यात मी तुला पहाटे पाचला उठवलं आणि म्हणालो, तुझं वाचन जरा सुधारू या, रोज तासभर वाचत जा. आठवतं? तू डोळे चोळत मुद्रित हातात घेतलंस. तू वाचायचीस आणि मी डोळे मिटून मूळ प्रतीशी ताडून बघायचो. जुळलं नाही की टक. चूक तुझी की छापण्यातली, हे कळायला तुला परत वाचायला लावावं लागे. तसं सरळ सांगितलं असतं तर तू विचारलं असतंस, तुम्ही स्वतःच का बघत नाही? म्हणून मी म्हणायचो, उच्चार. दर वेळी, उच्चार. तीन वर्षं. तुझे उच्चार पहिल्या दिवसापासून स्वच्छ होते.

"अहो, मी काय शाळेत घातलेली पोर आहे का, रोज पाठ म्हणून दाखवायला?" असं तू ऑगस्टात म्हणालीस. "माझ्या सगळ्या सकाळी तुम्ही खाल्ल्यात. एकदा तरी म्हणालात का, बरं वाचतेस म्हणून?" मी त्यावर काय म्हणालो ते तुला माहीत आहे. 'खाल्ल्यात' हा उच्चार उत्तम झाला, असं म्हणालो. तू बॅग काढलीस.

मी तुझा शिक्षक नव्हतो. तू माझे डोळे होतीस आणि मी तुला ते कळू दिलं नाही, कारण तुला सांगितलं असतं तर ते खरं झालं असतं.

तू गेल्यानंतर मी एकट्याने एकेचाळीस पत्रकं पास केली आहेत. प्रेसच्या कपाटातून मी त्यांच्या फाइल-प्रती काढून घरी आणल्या आहेत, मूळ प्रतींसकट. हे मालकांना माहीत नाही. एका गोळीचं बाहेर आलं. राहिली चाळीस. सिस्टर वाचतात, मी डोळे मिटून ऐकतो. काल आणि परवा मिळून तीन झाली. त्यांचेही डोळे थकतात, एक ओळ दोनदा वाचतात, मधेच पेंगतात, आणि मी त्यांना टक करू शकत नाही. तिसऱ्यात एक ओळ गळलेली निघाली. गरोदर बायकांनी घेऊ नये, ही ओळ. मला ती पाठ होती. मी ती भिंगातून वाचली होती.

तीनांत एक. आता सदतीस आहेत.

आज साडेआठला मी मालकांच्या खोलीत जाणार आहे आणि ड्रॉवरची किल्ली आणि ओळ गळलेलं ते पत्रक त्यांच्या टेबलावर ठेवणार आहे. नजरचूक हा शब्द मागे घेणार आहे. ही तिसरी सकाळ आहे की मी हे ठरवतो आहे, म्हणून या वेळी पत्र आधी देतो. साडेसहाच्या गाडीचा कंडक्टर तुमच्या स्थानकावर तुझ्या हातात देईल, तसं बोलून ठेवलं आहे. तुला कळलं की मला माघार घेता येणार नाही. सोबतच्या पुडक्यात सदतीस पत्रकांच्या प्रती आहेत. आधी वाटलं टपालाने पाठवाव्यात, पण टपालाला तीन दिवस लागतात आणि या सदतीसांपैकी कुठली तरी गोळी आज सकाळी कोणीतरी पाण्याबरोबर घेत असेल.

तुझी पाळी सहाला सुरू होते, दुपारी दोनला सुटते. तुझ्या सकाळी आता तुझ्या आहेत, त्या मी मागत नाही. परत ये असंही म्हणत नाही. ते म्हणण्याची माझी लायकी मी स्वतः घालवली. दोननंतर फोनवर वाचशील का, एवढंच विचारतो. तुझ्या वेगाने, नेहमीसारखं, प्रत्येक टिंब आणि रेघ म्हणून. मी फोनजवळ बसून राहीन. मूळ प्रती मला पाठ आहेत. कोटी करणार नाही. जुळलं नाही तर टक करणार नाही, 'इथे चूक आहे' असं म्हणेन. मालकांनी ठेवलं तरी हे करायचं आहे, काढून टाकलं तरी करायचं आहे.

माझे डोळे जातील. नोकरी आज जाईल असं धरून चाललो आहे. त्या दोन्हींची मला भीती वाटते, पण ती माझ्यापुरती आहे, ती घेऊन जगता येईल. मला खरी काळजी आहे ती ही: सदतीस कागद लोकांच्या घरांत उघडून ठेवलेले आहेत, त्यांवर माझी सही आहे, आणि त्यांत काय छापलं आहे हे मला माहीत नाही.